टोकाचे गृहस्थ

फोन उचलला गेला आणि पलीकडे घड्याळं वाजत नव्हती. एवढंच झालं होतं. आवाज नेहमीचाच होता. बोलण्याआधी घसा साफ करण्याची ती बारीकशी सवयही नेहमीची, आणि मग "चाललंय. जेवण जातंय," हेसुद्धा तसंच, तिने विचारायच्या आधीच काढून ठेवल्यासारखं. पण त्या आवाजामागे जी टिकटिक असायची, पुष्कळ घड्याळांची, एकाचा दुसऱ्याशी मेळ नसलेली, ती आज नव्हती. मागे नुसती खोली होती, सामान हलवल्यावर होते तशी, बोललेलं परत अंगावर येणारी. तिने हातातलं पेन खाली ठेवलं. पुढचे प्रश्न ठरलेले होते, वजन किती, ताप येतो का, कुठे दुखतंय का. ते सगळे तोंडपाठ असूनही तिच्या तोंडून निघून गेलं, "तुमची घड्याळं कुठे गेली?"

तिने रिसीव्हर कानाला घट्ट धरला आणि वाट पाहत राहिली. वाट पाहणं तिला जमायचं, कामच ते होतं. इस्पितळात तिला सगळे फोनबाई म्हणत, तोंडावरही म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. कर्करोगावरच्या एका नव्या औषधाची चाचणी तिथे काही वर्षं चालली होती. चाचणीत घेतलेल्या माणसांचं पुढे काय झालं ते फोन करून विचारायचं आणि यंत्रात भरायचं, हे तिचं काम. माणूस आहे की गेला एवढाच त्या कामाचा गाभा, बाकी सगळं इकडचं तिकडचं. फोन उचलल्यावर कुणी बोलायच्या आधी क्षणभर घर ऐकू येतं, त्यावरूनच तिला निम्मं कळायचं. माणूस असलेल्या घरात भांडी आपटत असतात, कुणीतरी कुणावर तरी करवादत असतं, फोन त्यांना द्या म्हणून आतून ओरडतं. माणूस गेलेल्या घरात फोन फार हळू उचलतात. हे कुठे लिहायचं नसतं, पण तिचा अंदाज चुकत नसे. मोठे डॉक्टर चारचौघांत सांगायचे की आमच्या फोनबाईंना वासावरून कळतं, आणि ती वरवर लाजून मनातून सुखावायची. आज फोन लावला होता ते घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून ती त्यांना घड्याळजी म्हणे, आणि त्यांच्या घरात तर टिकटिकच होती. एवढी घड्याळं चालू आहेत म्हणजे त्यांना किल्ली देणारा हात आहे, हा हिशेब तिने कधी मुद्दाम मांडला नव्हता. तो आपोआप मांडला गेला होता आणि तसाच राहिला होता.

त्यात आज संध्याकाळी पाचला परिषदेची खिडकी बंद व्हायची होती. खिडकी म्हणजे पडद्यावरची एक चौकट. दूरच्या कुठल्या शहरात कर्करोगाच्या डॉक्टरांची मोठी परिषद भरते, तिथे आपलं संशोधन मांडायचं असेल तर सगळ्या चाचणीचा गोषवारा त्या चौकटीत बसवून वेळेत पाठवावा लागतो. चौकटीत अक्षरं मोजून मिळतात, मधल्या मोकळ्या जागासुद्धा अक्षर म्हणून धरतात. त्यामुळे मोठे डॉक्टर आणि चाचणीचं गणित सांभाळणारे गृहस्थ, ज्यांना सगळे आकडेवाले म्हणत, सकाळपासून शब्दांची कापाकापी करत बसले होते. "रुग्ण" हा शब्द कुठून कुठून काढता येईल यावर दोघांची घासाघीस चालली होती. इथला रुग्ण काढला तरी अर्थ लागतो, आकडेवाले म्हणत होते, आणि मोठे डॉक्टर काढा म्हणत होते. चहा द्यायला गेलेल्या तिने ते ऐकलं आणि हसली. मग बाहेर येऊन का कोण जाणे, हात धुतले.

गोषवाऱ्याचं शेवटचं वाक्य मात्र कुणी कापायला तयार नव्हतं. औषध थांबल्यावर इतका काळ लोटूनही एक जण आजही हयात आहे, असं ते वाक्य होतं. तो एक जण म्हणजे घड्याळजी. चाचणीतली सगळी माणसं मिळून एक रेघ बनते, डावीकडे उंच सुरू होणारी, पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत जाणारी. प्रत्येक पायरी म्हणजे कुणीतरी गेलेलं. पण उजवीकडे टोकाला ही रेघ आडवी होऊन लांबच लांब जात होती, आणि त्या आडव्या तुकड्यावर शेवटी एकटे घड्याळजी उरले होते. डॉक्टर त्याला शेपूट म्हणत. शेपूट चांगलं आहे, असं ते परिषदेला येणाऱ्या बाहेरच्या डॉक्टरांना फोनवर सांगायचे. आजचा फोन केवळ त्यासाठीच होता. पाठवण्याआधी एकदा बोलून घ्या, म्हणजे "आजही" असं लिहायला आपण मोकळे.

"काल नेली," पलीकडचा आवाज शेवटी म्हणाला. खाकरला नाही. "एका दुकानदाराने सगळी एकदम घेतली."

"म्हणजे तुम्ही काम सोडलंत?"

"बाई, मला घड्याळातलं काही कळत नाही." आवाज अजून घड्याळजींचाच होता, तीच किंचित ओढलेली शेवटची अक्षरं. "मी धाकटा भाऊ. दादा गेला."

"कधी?"

"मागच्याच्या मागच्या थंडीत. सकाळी उठला नाही."

मागच्याच्या मागच्या थंडीनंतर ती या आवाजाशी कितीदा तरी बोलली होती. दर खेपेला त्याचं वजन तिने भरलं होतं.

"आमची आई होती ना," आवाज म्हणाला. "तिला दिसत नव्हतं. दादा गेला तेव्हा ती पाय मोडून इस्पितळात होती. घरी आणली तेव्हा सांगायचं कुणी, या गोंधळात राहिलं. तिने हाक मारली, दादा आहेस का रे, आणि मी हो म्हटलं. आवाज आमचा लहानपणापासून एक. मग ते तसंच चालू झालं. सकाळी मी दादा, घड्याळांना किल्ली द्यायचो, तिला ऐकू जाईल अशी. संध्याकाळी कामावरून आल्यासारखं करून मी. तुमचा फोन यायचा तेव्हा ती शेजारीच बसलेली असायची. तुम्हाला वेगळं काय सांगणार?"

"आणि आता?"

"मागच्या आठवड्यात गेली. आज तुमचा फोन आला आणि सवयीने बोललो बघा. तुम्ही घड्याळांचं विचारलंत म्हणून, नाहीतर ठेवला असता. शेवटी-शेवटी एकदा मी दादा होऊन तिचे पाय चेपत होतो. तर म्हणाली, त्याला आता उगाच दमवत जाऊ नकोस. दादा तर मीच झालो होतो, आणि त्याला, म्हणाली. मग माझा हात धरून झोपली."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ रिसीव्हरकडे बघत बसली. तो कानाच्या उबेने अजून गरम होता आणि त्याचा तिला विटाळ वाटला. मेलेल्या माणसाने तिला जेवण जातंय म्हणून सांगितलं होतं आणि ती बरं वाटून घरी गेली होती, हे मनातून हलेना. भाऊ होता, हे तिला समजत होतं. पण कानाला भाऊ माहीत नव्हता. कानाला घड्याळजीच माहीत होते. पहिल्या खेपेला तपासणीच्या खोलीबाहेर बसून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं होतं आणि हे पुढे आहे म्हणाले होते, तुमचे डॉक्टर उशिरा येतात असं उगीच वाटतं. पुढे लांबचा प्रवास झेपेना म्हणून त्यांनी येणं थांबवलं आणि फोनवर चौकशी चालेल असं लिहून दिलं. मग फोनवर तिच्या प्रश्नांची उत्तरं झाली की ते उलटे तिला विचारायचे, तुमच्या घरचं कसं चाललंय? घरचं म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. तिच्या सासऱ्यांच्या वेळचं, किल्लीचं. ते मागे पडतं म्हणून तिने एकदा तक्रार केली होती, आणि त्यांनी फोनवरूनच लंबक कसा वर घ्यायचा ते समजावलं होतं. किल्ली देताना अडली की थांबायचं, पुढे जोर लावायचा नाही, हेही बजावून सांगितलं होतं. एका थंडीनंतर ते घड्याळाचं विचारेनासे झाले. तिच्या ते ध्यानात आलं होतं. आलं होतं आणि तिने त्याला हात लावला नव्हता. दमत असतील, असं स्वतःशी म्हणून पुढचा नंबर फिरवला होता. उलट विचारलं असतं, आठवतं का आमचं घड्याळ, तर त्याच वेळी कळलं असतं. पण कळायला नको होतं, कारण घरी नवरा वाट बघत असायचा.

नवऱ्याला तेच औषध चालू होतं. चाचणीत नव्हे, आपल्या माणसाला चाचणीत घेत नाहीत. मोठ्या डॉक्टरांनी पुष्कळ खटपट करून त्याच्यासाठी वेगळी परवानगी मिळवली होती. तो शाळेत भूमिती शिकवायचा. आजार कळल्यावर त्याने रडणं वगैरे काही केलं नाही, तिला जेवणाच्या टेबलाशी बसवून वर्तमानपत्राच्या कडेला ती रेघ काढायला लावली. सांगायचं नसतं हे तिला माहीत होतं, तरी तिने काढली. पायऱ्यांकडे त्याने फारसं पाहिलं नाही. आडव्या तुकड्याच्या टोकावर पेन्सिल टेकवून म्हणाला, "हा इथे कोण आहे?" नाव तिने सांगितलं नाही, धंदा तेवढा सांगितला. तेव्हापासून दोघांत ते टोकाचे गृहस्थ झाले. काय म्हणतात आपले टोकाचे गृहस्थ, हे तो ताटावर बसता-बसता विचारायचा, आणि ती सांगायची, चाललंय म्हणाले, जेवण जातंय. "मग झालं तर," म्हणून तो आणखी थोडा भात वाढून घ्यायचा. त्याला मळमळायचं, तरी घ्यायचा. औषधाच्या दिवशी जिना चढताना दमला की कठड्याला धरून म्हणायचा, ते तर या वयात घड्याळं दुरुस्त करतात, मला काय धाड भरलीय. तिला वाटायचं, कुठेतरी दूर एक अनोळखी माणूस टिकटिकीच्या खोलीत बसून तिच्या नवऱ्याला एकेक पायरी वर घेतोय. आणि तो माणूस त्या खोलीत कधीपासूनच नव्हता.

तिने पुढचा नंबर लावला. लावायची गरज नव्हती, त्या बाईंशी परवाच बोलणं झालं होतं. पण आता तिला कुठलाच आवाज खात्रीचा वाटेना. एका ग्रंथालयात काम करणाऱ्या त्या बाई, चाचणीत पुष्कळ उशिरा आलेल्या, बोलायला मोकळ्या. "मी बरी आहे हो," त्या म्हणाल्या, "परवाच नाही का सांगितलं?"

"तुम्हीच बोलताय ना?"

पलीकडे पुस्तकं ठेवल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. "मीच. का हो?"

"काही नाही. असंच विचारलं."

"तुम्हाला कुणाचा आवाज वाटला?" बाईंनी विचारलं. त्यांचा स्वर बारीक झाला होता. "फोनबाई, माझं काही आलंय का? असेल तर सांगा."

नाही, काही आलेलं नाही, ती दोनदा म्हणाली. पण बाईंना ते पटलं नाही हे तिला ऐकू येत होतं. आपल्या एका प्रश्नाने आपण एका चांगल्या बाईंची झोप उडवली, याचं तिला फार वाईट वाटलं.

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत दोघे अजून पडद्यासमोर होते. तिने उभ्या-उभ्याच सांगितलं. आकडेवाल्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. ते मुळात कमी बोलायचे. "मग रेघ पडेल," ते म्हणाले.

"किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"कितीचा प्रश्नच नाही. बाकीचे हयात आहेत ते पुष्कळ नंतर आलेले, त्यांच्याइतक्या लांब कुणी पोचलेलं नाही. शेवटचा माणूस गेला की रेघ थेट जमिनीला."

डॉक्टर खिडकीपाशी गेले आणि परत आले. त्या खोलीत चालायला जागा नव्हती तरी ते चालत. वाईट माणूस नव्हते. नवऱ्याच्या औषधासाठी त्यांनी कुणाकुणाच्या नाकदुऱ्या काढल्या होत्या ते तिला ठाऊक होतं. "मृत्यूचा दाखला आलाय का?" ते म्हणाले.

"नाही. भाऊ पाठवतो म्हणाला."

"म्हणजे आवाजच. आवाजावरून आपण त्यांना जिवंत धरलं, आता आवाजावरूनच गेलेले धरायचे?" त्यांनी आकडेवाल्यांकडे पाहिलं. "ते इथे स्वतः शेवटचे आले, तोवर आपण त्यांना डोळ्यांनी पाहिलंय. तिथवरच धरू. रेघ आखूड होईल, पण आडवीच राहील. पडणार नाही. दाखला आला की पुढच्या वेळी दुरुस्त करू. हे नियमात बसतं."

"माहीत नसेल तर बसतं," आकडेवाले चष्मा पुसत म्हणाले.

पंख्याखाली कागदांचे कोपरे हलत होते. डॉक्टर तिच्याकडे पाहत होते, आणि ते कशाचा विचार करताहेत ते तिला दिसत होतं. परिषदेत ही रेघ सगळ्यांना दिसणार, तिच्या नवऱ्यालाही. त्यांना माहीत नव्हतं ते एवढंच, की घरी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने काढलेल्या रेघेशी तो ती ताडून पाहणार. "फोनबाई," ते हलकेच म्हणाले, "भरायचं तुमच्या हातात आहे. तुम्ही सांगाल तसं."

तिला वाटलं, आता आपण नुसतं बरं म्हटलं की झालं. घड्याळजी टोकावर राहतील, टिकटिकीशिवाय का होईना. एका आईसाठी ते राहिलेच होते की. पण तिला ती यंत्रात भरलेली वजनं आठवली, नसलेल्या माणसाची वजनं, दर खेपेला थोडी कमीजास्त, खरी वाटतील अशी. त्या बिचाऱ्या भावाने ती स्वतःची सांगितली असणार. रेघेच्या टोकावर इतके दिवस एक वेगळाच, धडधाकट माणूस उभा होता, आणि तिचा नवरा त्याच्या मागोमाग चालत होता.

"मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं," ती म्हणाली. "आता मला माहीत आहे."

तिने स्वतःच्या टेबलाशी जाऊन भरलं. परत आली तोवर आकडेवाल्यांनी रेघ नव्याने काढायला लावली होती. पडदा क्षणभर पांढरा झाला. मग डावीकडून रेघ येऊ लागली, त्याच पायऱ्या, तोच आडवा तुकडा, पहिल्यापेक्षा आखूड, आणि टोकावरून ती सरळ खाली आली. तिला काही आवाज होईल असं वाटलं होतं. झाला नाही. मोठे डॉक्टर खुर्चीत बसले आणि त्यांनी शेवटचं वाक्य स्वतःच पुसलं. ते गेल्यावर चौकटीत बरीच जागा मोकळी झाली. आकडेवाल्यांनी सकाळी कापलेले "रुग्ण" एकेक करून जागच्या जागी परत घातले. पाचच्या आत गोषवारा गेला. पोचल्याची ओळ आली, आणि तिच्याखाली नेहमीची सूचना, परिषद होईपर्यंत यातलं काही बाहेर सांगू नये. ती सूचना तिने दोनदा वाचली.

बाहेर उजेड होता. बसथांब्यावर जो तो फोन कानाला लावून उभा होता. हो, ठीक आहे, चाललंय, पोचते, जेवलो, असं सगळे वेगवेगळ्या तोंडांनी बोलत होते, आणि तिला ते एकाच कुणाचं तरी बोलणं वाटत होतं. बसमध्ये तिने आपला घसा दोनदा साफ केला. धूळ असेल. घराच्या दाराशी आल्यावर किल्ली हातात धरून ती उगीच थांबली आणि दाराला कान देऊन ऐकू लागली, फोन उचलल्यावर ऐकते तसं. आत भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. बाकी काही ऐकू येईना. मग चमचा खाली पडल्याचा आवाज आला आणि नवरा स्वतःवरच चिडून काहीतरी पुटपुटला, तेव्हा तिने दार उघडलं.

त्याने ताटं मांडून ठेवली होती. आज त्याच्या चेहऱ्याला थोडा रंग होता, नाहीतर उजेडामुळे तसं वाटत असेल. तिने हात धुतले, वाढलं, बसली. तो चमचा पुसत होता.

"गेलं का तुमचं ते परिषदेचं?"

"गेलं."

"आणि काय म्हणतात आपले टोकाचे गृहस्थ?"

सूचना तिच्या जिभेवर तयार होती, परिषद होईपर्यंत सांगता येत नाही. पण आजवर कधी न पाळलेली सूचना आज पाळणं म्हणजे सांगणंच होतं. त्याच्या ताटातला भात अजून तसाच होता. तिने घसा साफ केला, बारीकसा.

"चाललंय म्हणाले," ती म्हणाली. "जेवण जातंय."

शेवटची अक्षरं किंचित ओढली गेली. तिने ती ओढली नव्हती. तो तिच्याकडे बघत राहिला, वर्गात एखाद्याने उत्तर बरोबर सांगितलं पण कृती दाखवली नाही की बघायचा तसा. मग म्हणाला, "मग झालं तर," आणि आणखी थोडा भात घेतला. सगळा खाल्ला. सावकाश, एकेक घास, मध्ये पाणी पिऊन, पण सगळा खाल्ला.

ती ताटं उचलत होती तेव्हा तो उठून घड्याळापाशी गेला. काचेचं दार उघडलं, आतली किल्ली काढली आणि तिच्याकडे पाठ करून किल्ली देऊ लागला. आत काहीतरी करकरत घट्ट होत जात होतं.

"एक सांगू?" तो तसाच पाठमोरा म्हणाला. "त्यांना आता उगाच दमवत जाऊ नकोस."

तिच्या हातातली ताटं एकमेकांवर वाजली. तिने ती छातीशी धरली.

"नाही दमवत," ती म्हणाली. हा आवाज तिचा स्वतःचा होता.

किल्ली अडली. तो थांबला. पुढे जोर लावला नाही.